दोरी धरणारे हात चित्ररथ बांधू लागले तर…

शिमगा आला की आपल्या जिल्ह्यात रात्रीचा दिवस होतो. कुठे पाच दिवस, कुठे सात, कुठे पंधरा दिवस, ज्या गावचा जसा रिवाज तसा मांड जागतो. गावात पालखी नाचते, रोंबाट निघते, सोंगे निघतात. तालुक्याच्या गावी अलीकडे मोठी शोभायात्रा आणि चित्ररथांची स्पर्धाही होऊ लागली आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतात. त्या फोटोंकडे एकदा नीट पाहा. मधोमध चित्ररथ असतो, त्यापुढे पाहुणे असतात, आणि अगदी कडेला खाकी कपड्यातली दहा-बारा पोरे दोरी धरून उभी असतात. ती शाळेच्या छात्र पथकातली मुले.

संध्याकाळी पाचला त्यांना बोलावलेले असते. रात्री बारा वाजले तरी सोडलेले नसते. गर्दीचा रेटा आला की दोरी ताणायची, गर्दी ओसरली की सैल सोडायची, एवढेच त्यांचे काम. मधे कोणी तरी वडापाव आणि पाण्याची बाटली हातावर ठेवतो. शेवटी ध्वनिक्षेपकावरून आभार मानताना पोलीस, वीज मंडळाचे कर्मचारी आणि ‘शाळेची मुले’ अशी एकदमच बोळवण होते. दोरी धरणे हे हलके काम आहे असे कोणी म्हणणार नाही. गर्दी सांभाळायलाही शिस्त लागते. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना गावाच्या सणात एवढेच काम द्यायचे का, हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक शोभायात्रेत निदान एक चित्ररथ छात्र पथकांनी स्वतःच्या हाताने बांधलेला असावा, आणि त्याला जागा मिळावी म्हणून स्पर्धांचे नियम बदलावेत.

पथक कशासाठी असते?

राष्ट्रीय छात्र सेना म्हणजे एनसीसी १९४८ साली कायद्याने स्थापन झाली. भारत स्काऊट आणि गाईड ही संस्था १९५० सालची. रस्ता सुरक्षा पथक, म्हणजे ज्याला आपण आरएसपी म्हणतो, तेही आपल्या राज्यातल्या बऱ्याच शाळांत आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून एनसीसीच्या विस्ताराची घोषणा केली. देशातले १७३ सीमावर्ती आणि किनारपट्टीचे जिल्हे, एक लाख नवे छात्र आणि त्यात एक तृतीयांश मुली, अशी ती योजना. आपण किनारपट्टीचे लोक. तेव्हा हा विषय आपल्या दारातला आहे.

शाळेतले छात्र बहुतेक आठवी-नववीतले. दोन वर्षे कवायत, नकाशावाचन, प्रथमोपचार, समाजसेवा असे सगळे शिकून ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देतात. आपल्या डोळ्यांना त्यातली दिसते ती फक्त कवायत. परंतु दिल्लीला प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरात देशभरच्या संचालनालयांचे छात्र आपापल्या राज्याचे जीवन दाखवणारी सजावट जमिनीवर स्वतः मांडतात. ‘फ्लॅग एरिया’ म्हणतात तिला. माती, रंग, फुले, भुसा जे मिळेल त्यातून ती उभी राहते आणि तिची रीतसर स्पर्धा असते. म्हणजे हाताने काही घडवणे हे छात्र सेनेच्या शिस्तीला परके नाही. दिल्लीत चालते ते आपल्या गल्लीत का चालू नये?

आपल्या राज्याचा चित्ररथ राजपथावर मान मिळवून आलेला आपण दूरदर्शनवर पाहिला आहे. २०१५ साली ‘पंढरीची वारी’ने आणि २०१८ साली शिवराज्याभिषेकाच्या चित्ररथाने पहिला क्रमांक आणला, तेव्हा आपली छाती फुगली होती. मग आपल्याच गावच्या वाटेवर भाड्याचा चित्ररथ चालतो त्याचे आपल्याला काहीच का वाटत नाही?

हे काम आपल्या मातीतलेच आहे

चित्ररथ ही काही आपण बाहेरून उसनी आणलेली गोष्ट नव्हे. शेजारच्या गोव्यात कार्निव्हलची आजची मिरवणूक १९६५ साली पणजीत सुरू झाली आणि पुढे शिगमोच्या मिरवणुकांतही चित्ररथांच्या स्पर्धा रंगू लागल्या, हे खरे. पण कुडाळ तालुक्यातल्या नेरूरचे रोंबाट बघायला लोक कुठून कुठून येतात. पुराणातले प्रसंग, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या हलत्या आकृत्या, आणि हे सारे करणारे गावचेच कलाकार. त्याच तालुक्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी तर घराघरात होती. बाहुलीचा हात कुठून ओढला म्हणजे वर जाईल, खेळण्यातल्या पक्ष्याची मान कशी डोलेल, हे ज्ञान आपल्याकडे अशा घरांतून चालत आलेले आहे.

पण ते ज्ञान आता वयाने पिकले आहे. ज्यांना येते त्यांची साठी-सत्तरी उलटली. त्यांचे मुलगे मुंबईला, पुण्याला, नाही तर रोज सकाळच्या गाडीने गोव्याला. शिमग्याला चाकरमानी घरी येतात ते चार दिवसांसाठी. त्यांच्या हाताशी वेळ नसतो, खिशात थोडे पैसे असतात. म्हणून वर्गणी निघते आणि त्या वर्गणीतून शहरातला तयार चित्ररथ येतो. फायबरचे हत्ती, फायबरचे देव, एलईडीच्या माळा, मागे जनरेटर आणि त्यामागे भिंतीएवढे ध्वनिक्षेपक. काल तो एका गावात होता, आज आपल्या गावात आहे, उद्या तिसऱ्या गावात असेल. तोच देव, तेच ढग, फक्त फलकावरचे मंडळाचे नाव बदलते.

भाड्याने आणणाऱ्या मंडळांना मी दोष देत नाही. माणूसबळ नसेल तर ती बिचारी काय करणार? माझा मुद्दा वेगळा आहे. गावात हात नाहीत असे आपण म्हणतो, आणि त्याच वेळी शाळेतले चाळीस-पन्नास हात दोरीला लावून ठेवतो. हा कसला हिशेब?

एका शाळेने केलेला हत्ती

हे नुसते बोलायचे नाही, होऊ शकते, याचे उदाहरण मी पाहिले आहे. तिलारी खोऱ्याला लागून असलेल्या एका माध्यमिक शाळेचे छात्र पथक. नाव देत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात कोणाला उगाच वाईट वाटायला नको. दरवर्षी दोरी धरणाऱ्या त्या पोरांपैकी एकीने सरांना विचारले, “सर, दरवर्षी आमका दोरी धरूक उभी करतत. यंदा आमी कायतरी करूया मां?” सर तयार झाले. विषय ठरवायला फार वेळ लागला नाही. त्यांच्या दारात जो येतो तोच त्यांनी घेतला, हत्ती.

दोडामार्ग तालुक्यात कर्नाटकातून रानटी हत्ती २००२ साली आले. तेव्हापासून केळी, माड, पोफळी यांचे काय होते ते बागायतदारालाच विचारावे. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. अशा मुलखातल्या मुलांनी हत्ती करायचा म्हटल्यावर तो राक्षसासारखा होईल असे वाटले होते. तसे झाले नाही. त्यांनी एका बाजूला आडवी झालेली केळीची बाग मांडली, दुसऱ्या बाजूला तोडलेले रान मांडले, आणि मधे हत्ती उभा केला. फलकावर एकच वाक्य होते, ‘आम्ही दोघांनी जायचे कुठे?’ नववीतल्या मुलांनी हे लिहावे! मोठ्यांच्या ग्रामसभेत या विषयावर एवढे समजुतीचे वाक्य मी ऐकलेले नाही.

आता तो हत्ती कसा केला ते सांगतो, कारण खरी गंमत त्यात आहे. सांगाड्याचे चार पाय माणग्याच्या बांबूचे, अंग चिवाराच्या कामट्यांचे. सांधे काथ्याने बांधून वरून बाईंडिंग वायरने आवळलेले. वर गोणपाट, गोणपाटावर मैद्याच्या खळीने चिकटवलेले जुन्या वर्तमानपत्रांचे तीन थर. रंग विकत आणला नाही. चुन्यात कोळशाची पूड आणि चुलीतली राख मिसळली आणि अगदी हत्तीचाच रंग आला. थर्माकोलचा तुकडाही वापरला नाही. आपल्या राज्यात २०१८ सालापासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, हे त्या मुलांनीच मोठ्यांना सांगितले.

कान हलवायला मोटार नव्हती. एक जुनी सायकल ट्रॉलीच्या तळाला नटबोल्टने पक्की केली, मागचे चाक अधांतरी ठेवले. चाकाच्या मध्यापासून चार बोटे अंतरावर एक सळई अडकवली आणि तिचे दुसरे टोक कानाच्या बिजागरीला जोडले. पेडल मारले की चाक फिरते, सळई पुढे-मागे होते आणि कान हलतो. चार बोटांवर सळई लावली तर कान आठ बोटे हलतो, हे गणित त्या पोरांनी फळ्यावर न करता प्रत्यक्ष मोजून काढले. कान जास्त हलावा म्हणून त्यांनी सळई सहा बोटांवर नेली, तर कानाचा सांधाच निखळला. मग परत चारवर आणली. विज्ञानाच्या पुस्तकात वर्तुळाकार गती आणि सरळ रेषेतली गती असे दोन परिच्छेद असतात. ते या मुलांच्या जन्मभर लक्षात राहतील.

सोंडेने मात्र चार दिवस रडवले. पहिली सोंड केली ती काठीसारखीच ताठ वर जायची. गावातले एक म्हातारे सुतार रोज संध्याकाळी येऊन बघायचे आणि तपकीर ओढत गप्प बसायचे. पाचव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले. “आधी सांगाडो, मगे सोंग,” म्हणाले, आणि सोंड सोडायला लावली. कामटीची कडी करायची, मुळाशी मोठी, टोकाकडे लहान लहान होत जाणारी. सगळ्या कड्यांच्या खालच्या अंगाने एकच दोरी ओवायची आणि ती फक्त शेवटच्या कडीला बांधायची. आतून दोरी ओढली की सोंड टोकाकडून वळत वळत तोंडाशी येते. कळसूत्री बाहुलीचाच हा प्रकार. त्या सुतारांना त्यांच्या हयातीत कुठल्या शाळेने वर्गात बोलावले नव्हते. त्या दिवशी ते अडीच तास शिकवत होते.

तीन आठवडे शाळा सुटल्यावर रोज दोन तास काम चालले. मोजमाप आणि खर्चाची वही मुलींकडे होती. त्या वहीत सगळ्यात मोठी रक्कम नटबोल्ट आणि तारेची आहे. बांबू, गोणपाट, सायकल, ट्रॅक्टर-ट्रॉली हे सारे गावातून मागून आणलेले, आणि परत केल्याच्या सह्या वहीत आहेत. मिरवणुकीच्या रात्री हत्तीच्या पोटात बसून आळीपाळीने पेडल मारणाऱ्या दोन मुलीच होत्या. बाहेरून त्या कोणाला दिसल्या नाहीत. हत्ती बाजारपेठेतून निघाला, सोंड उचलली, कान हलवले, तेव्हा कडेला बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “माझी केळी खाल्ल्यान तो ह्योच मां?” आणि हसायला लागली. जिची बाग गेली ती हसली. सणाने आणखी काय करायचे असते?

मग बक्षीस कोणाला?

आता वाईट वाटण्याचा भाग. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी एका पुढाऱ्याकडून निरोप आला की चांगली देणगी देतो, हत्तीच्या दोन्ही अंगांवर आमचा फलक लावा. सरांनी नम्रपणे नाही म्हटले. फलक लागला असता तर हत्ती दिसलाच नसता. देणगी अर्थातच आली नाही. मिरवणुकीच्या रात्री स्वयंसेवक कमी पडले म्हणून संयोजकांनी त्याच पथकातली सहा पोरे चित्ररथावरून उतरवून दोरीला लावली. आणि निकाल लागला तेव्हा पहिली तिन्ही बक्षिसे भाड्याने आणलेल्या चित्ररथांना गेली. मुलांना ‘उत्तेजनार्थ’.

परीक्षकांनी पक्षपात केला असे मी म्हणत नाही. त्यांच्या हातात जो कागद होता त्यावर भव्यता, रोषणाई, विषय आणि सादरीकरण असे चार रकाने होते. हे कोणी केले, कुठे केले, कशापासून केले, असा रकानाच नव्हता. जे मोजायचेच नाही त्याला गुण कुठून मिळणार? भव्यता आणि रोषणाई पैशाने येते. तिथे बांबूचा हत्ती हरणारच. स्पर्धेचे नियम म्हणजे पाण्याचा पाट. जिकडे वळवाल तिकडची बाग पिकते. आपण गेली काही वर्षे तो पाट भाड्याच्या दुकानाकडे वळवून ठेवला आहे आणि वर तक्रार करतो की गावातली कला मेली.

चार आक्षेप, चार उत्तरे

या विषयावर बोलले की चार आक्षेप हमखास येतात. त्यांची उत्तरे देणे भाग आहे.

पहिला आक्षेप परीक्षेचा. शिमगा फाल्गुनात, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या दिवसांत. बरोबर आहे. म्हणूनच हे काम आठवी-नववीचे आहे, आणि छात्र पथकात मुख्यतः हीच मुले असतात. दहावीच्या मुलाला कोणी हात लावू नये. काम माघी पौर्णिमेच्या आसपास सुरू करावे आणि रोज दोनच तास करावे, म्हणजे आदल्या रात्रीचे जागरण पडत नाही.

दुसरा आक्षेप गणवेशाचा आणि धर्माचा. छात्र पथक सगळ्यांचे असते, मग ते शिमग्यात कसे? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर विषयाच्या निवडीत आहे. देवाचा मांड, पालखी, मानपान हे मानकऱ्यांचे. त्यात पथकाने पडू नये. पथकाने चित्ररथाचा विषय गावच्या जगण्यातला घ्यावा. काजूच्या बागांतले वणवे, आटत जाणारी विहीर, मच्छीमारांचे जाळे, माकडांचा उपद्रव, रस्त्यावरचे अपघात, असे कितीतरी विषय आहेत. काम करताना साधे कपडे असावेत. मग त्या पथकात कोणत्याही घरचे मूल निःशंक येऊ शकते, आणि त्या हत्तीच्या पथकात तशी आली होती.

तिसरा आक्षेप शिस्तीचा. पोरे हुंदडतील, अभ्यास बाजूला राहील, हत्यारे लागतील. ज्यांनी असे काम कधी पाहिले नाही तेच हे म्हणतात. करवत एकाच्या हातात असते तेव्हा दुसऱ्याला बांबू स्थिर धरावाच लागतो. धरला नाही तर काय होते ते लगेच कळते. ‘सावधान’ म्हटल्यावर ताठ उभे राहणे ही शिस्त आहेच. पण मापात चूक झाली तर तीन दिवसांचे काम सोडून पुन्हा बांधायचे, आणि ते कोणावर न चिडता, ही त्याहून वरची शिस्त. एनसीसीचे ब्रीद एकता आणि अनुशासन असे आहे. ती दोन्ही त्या ट्रॉलीवर दिसली.

चौथा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. मुले, ट्रॅक्टर, गर्दी आणि डोक्यावर विजेच्या तारा. एप्रिल २०२२ मध्ये तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यात मंदिराच्या रथाचा उच्च दाबाच्या तारेला स्पर्श झाला आणि ११ माणसे गेली. त्यात मुलेही होती. हे विसरून कोणी चित्ररथाची उंची वाढवू नये. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि उच्च दाबाची किमान ६.१ मीटर, म्हणजे अदमासे १९ ते २० फूट उंच असायला हवी. पण आपल्याकडच्या तारा किती झोळ खाल्लेल्या असतात ते सर्वांना ठाऊक आहे, आणि घरात ओढलेली सर्व्हिस वायर तर कधी कधी हाताला लागेल अशी असते. उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्शही लागत नाही, फार जवळ गेले तरी झटका बसू शकतो. म्हणून चित्ररथाची एकूण उंची ट्रॉलीसकट १२ फुटांवर जाऊ देऊ नये. ट्रॉलीचा तळ रस्त्यापासून साधारण चार फुटांवर असतो, तेव्हा वर आठ फूट उरतात. त्यात हत्ती आरामात मावतो. माथ्यावर कोणालाही उभे करू नये. आठ-दहा दिवस आधी सगळा मार्ग पायी चालून प्रत्येक तार वहीत टिपावी आणि वीज कंपनीला लेखी कळवावे. हे काम आरएसपीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर करावे, त्यांच्या अभ्यासाचाच तो भाग होईल. ट्रॅक्टर परवाना असलेल्या प्रौढ माणसाने चालवावा आणि त्याने त्या दिवशी थेंबही घेतलेला नसावा. दोन्ही चाकांशी एकेक मोठा माणूस पायी चालावा.

भाड्याच्या उंच चित्ररथांना यातले किती नियम लावले जातात, हेही या निमित्ताने तपासून पाहावे. सुरक्षेचा प्रश्न फक्त मुलांचे नाव निघाले की आठवतो, हे बरे नव्हे.

करायचे काय?

सूचना मोजक्या आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही.

एक, प्रत्येक स्पर्धेत ‘स्वतः बांधलेला चित्ररथ’ असा वेगळा विभाग ठेवावा आणि त्याचे पहिले बक्षीस मुख्य बक्षिसाइतकेच असावे. लहान बक्षीस ठेवले की लोक त्याला लहान काम समजतात.

दोन, परीक्षकांनी मिरवणुकीच्या रात्री येऊन पाच मिनिटांत निकाल लावू नये. निदान एकदा काम चालू असताना भेट द्यावी. कोण बांधतो आहे आणि कोण नुसता उभा आहे, हे तिथे कळते.

तीन, मुलांच्या चित्ररथावर देणगीदाराचा फलक लागणार नाही हे नियमातच लिहावे. देणगीदाराचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगा, हवे तर दोनदा सांगा.

चार, गावातले सुतार, गवंडी, मूर्तिकार, वेल्डर, वायरमन यांना शाळेने मानाने बोलवावे आणि स्पर्धेच्या खर्चातून त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी. कलेची कदर नुसत्या शालीने होत नाही. म्हाताऱ्या सुतारालाही संध्याकाळची चूल असते.

पाच, ज्या पथकाचा चित्ररथ आहे त्यातल्या एकाही मुलाला त्या रात्री दोरीला लावू नये. दोरी धरायला मंडळाचे मोठे कार्यकर्ते आहेत. त्यांनाही कळू दे सहा तास उभे राहणे कसे असते.

यात नगरपंचायतीने आणि उत्सव समित्यांनी पुढाकार घेतला तर पुढच्या शिमग्यापासून हे सुरू होऊ शकते. मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर विषय काढला तर वेळ पुरेसा आहे.

शेवटी एक गोष्ट मनात ठेवावी. आपल्या जिल्ह्यातली बरीच मुले दहावी-बारावीनंतर गाव सोडणार आहेत. ते आपण थांबवू शकत नाही आणि पोटासाठी जाणाऱ्याला थांबवूही नये. पण जाताना ती गावचे काय घेऊन जातात, हे थोडेफार आपल्या हातात आहे. दोरी धरून पाहिलेली मिरवणूक दोन वर्षांत विसरली जाते. पण ज्या मुलीने हत्तीच्या पोटात बसून पेडल मारले आणि बाहेर लोकांचा हसण्याचा आवाज ऐकला, ती मुंबईला गेली काय आणि गोव्याला गेली काय, शिमग्याला रजा टाकून परत येईल, आणि आली की विचारील, यंदा आपण काय बांधतोय? तिला देण्यासाठी गावाकडे उत्तर असायला हवे.